पाऊस लागायच्या आत : कणकुंबी-जांबोटी भागातल्या घरांना आवाहन

कणकुंबी, पारवाड, चिगुळे, जांबोटी आणि खानापूर तालुक्यातल्या सगळ्या घरांना, तसंच बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या आपल्या माणसांना,

लग्नसराई अजून चालू आहे. म्हापशाहून, पणजीहून, पुण्याहून पोरं घरी आलीत. थोड्याच दिवसांत पाऊस लागेल, चोर्ला घाटात धुकं उतरेल, जो तो आपल्या कामावर परत जाईल, आणि मग चतुर्थीपर्यंत एवढी तरुण मंडळी एका मांडवात सापडायची नाहीत. म्हणून आज घाईनं लिहितो आहे. मागणं एकच आहे : ज्यांचं वय १८ ते ५० च्या मध्ये आहे आणि ज्यांना मोठा आजार नाही, त्यांनी रक्ताच्या मूळपेशी देण्यासाठी आपलं नाव नोंदवावं. डॉक्टर लोक त्यांना स्टेम सेल म्हणतात. नोंदवताना रक्त द्यावं लागत नाही, सुई टोचून घ्यावी लागत नाही. टोकाला कापूस असलेली काडी गालाच्या आतून फिरवायची, फॉर्म भरायचा आणि खाली सही करायची.

एवढंच, असं म्हणणार होतो. पण आपण कशावर सही केली हे माहीत नसेल तर बोलावणं आल्यावर ती सही टिकत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

या तालुक्यात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. "रक्त कुठं तयार होतं?" असं आठवीच्या वर्गात विचारलं की हमखास उत्तर यायचं, "काळजात, सर." मग मी विचारायचो, "मटणातली नळी चोखून कुणीकुणी खाल्लीय?" सगळा वर्ग हात वर करायचा. त्या नळीत जो मऊ मगज असतो, तसलाच आपल्या हाडांतही असतो आणि रक्त तिथं तयार होतं. काळीज ते नुसतं पुढं ढकलतं. मोठ्या माणसाच्या मांडीच्या नळीत पुढंपुढं बरीचशी चरबीच उरते. खरं काम चालतं ते कमरेच्या रुंद हाडात, फासळ्यांत, छातीच्या मधल्या हाडात आणि मणक्यांत. यालाच दवाखान्यात बोनमॅरो म्हणतात.

काम किती चालतं? धडधाकट माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांवर तांबड्या पेशी नव्या होतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि पांढऱ्या पेशींतल्या पुष्कळशा तर एक-दोन दिवसांतच संपतात. हा सगळा पुरवठा ज्यांच्यापासून होतो त्या मूळपेशी मात्र मोजक्या असतात. २०१८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या रक्ताची वंशावळ जनुकांतल्या बारीक बदलांवरून मागं मागं नेली, तेव्हा चालू कामावर असलेल्या मूळपेशी पन्नास हजार ते दोन लाखांच्या दरम्यान निघाल्या. इतक्या थोड्या पेशी जन्मभर रक्त पुरवतात आणि स्वतः संपत नाहीत, कारण त्यांतली एखादी विभागून एकीच्या दोन होतात तेव्हा निदान एक लेक आईसारखीच राहू शकते. अशा पेशी खरोखर असतात याचा पुरावा १९६१ साली टोरांटोत टिल नावाचा पदार्थवैज्ञानिक आणि मॅकुलक नावाचा डॉक्टर यांनी उंदरांवर प्रयोग करून दिला.

आता खरी गंमत. मूळपेशीत, तांबड्या पेशीच्या आईत आणि पांढऱ्या पेशीत जनुकं तीच असतात, सुमारे वीस हजार. पुस्तक एकच, तरी एक पेशी प्राणवायू वाहते, दुसरी जंतू खाते, तिसरी जखमेवर खपली धरते. असं कसं? हे कणकुंबीच्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपलं गावच पाणलोटावर बसलंय.

माउलीच्या देवळापाशी उगवलेली मलप्रभा पूर्वेला निघते, खानापुरातून जाते, सौंदत्तीच्या धरणात विसावते, कुडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आपल्याच शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरतो, म्हादईत पडतो, आणि ते पाणी मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात जातं. ढग एक, पाऊस एक. उंचवट्याच्या कुठल्या बाजूला थेंब पडला, यावर त्याचा समुद्र ठरतो. मूळपेशीचं असंच असतं. तिच्यात काही प्रथिनं असतात, ती जनुकांवर जाऊन बसतात आणि कुठलं पान वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं ते ठरवतात. गाटा-१ नावाच्या प्रथिनाचा जोर झाला की पेशी तांबड्या रक्ताच्या बाजूला उतरते. पीयू-१ वरचढ झालं की पांढऱ्याच्या बाजूला. दोघं एकमेकांना दाबतात, त्यामुळं एकदा उतार लागला की पेशी सहसा मागं वळत नाही. वॉडिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५७ साली पेशींचं भवितव्य दाखवायला डोंगर-दऱ्यांतून घरंगळणाऱ्या गोळीचं चित्र काढलं होतं. तो कणकुंबीला आला असता तर त्याला चित्र काढायची गरज पडली नसती, असं मला नेहमी वाटतं.

पुष्कळशा मूळपेशी तर कुठंच उतरत नाहीत, हाडाच्या कोपऱ्यात झोपून असतात. त्यांना झोपवणारी जनुकंही चालू असतात आणि शेजारच्या पेशीही तसा निरोप देत असतात. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संस्थेत डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी वर्षानुवर्षं याच शेजारावर आणि मूळपेशी बाहेर काढून गोठवून नीट टिकवायच्या कशा यावर काम केलं. मोठा ताप आला, रक्त वाहून गेलं, की झोपलेल्या जाग्या होतात, काम करतात आणि परत झोपतात. म्हणूनच त्यांतल्या थोड्या कुणाला दिल्या तरी देणाऱ्याचं काही कमी होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हा वाचायचा-मिटायचा कारभार बिघडतो तेव्हा घर कसं बसतं, ते आता सांगतो.

आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं. ते गर्भातलं हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यात पटाईत. जन्मानंतर सहा महिन्यांत त्याचं जनुक जवळपास मिटतं आणि मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचं उघडतं. ज्या बाळाचं हे दुसरं जनुक आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं आलं, ते बाळ सहा महिने गुटगुटीत असतं आणि मग एकाएकी पांढुरकं पडायला लागतं, दूध सोडतं, पोट वाढतं. घरचे दृष्ट काढतात, देवाला कौल लावतात. तो असतो थॅलेसेमिया. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, रक्तातून साठणारं लोह काढायची औषधं द्यायची, जन्मभर. भारतात दर वर्षी अशी दहा-बारा हजार मुलं जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कणकुंबीसारख्या गावातून असं मूल घेऊन दर तीन आठवड्यांनी बेळगाव गाठायचं म्हणजे बापाची किती हजेरी बुडते, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल.

सिकलसेलचं दुखणंही याच जनुकातल्या चुकीचं, त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. १९४८ साली जॅनेट वॉटसन या अमेरिकी डॉक्टरणीनं पाहिलं की सिकलसेलच्या तान्ह्या मुलांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांना सांभाळून घेतं. विदर्भातल्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांचा आजार आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो, त्याचंही हेच कारण : त्यांच्यात गर्भातल्या हिमोग्लोबिनचं दार पुरतं मिटलेलं नसतं. मग ते दार मिटतं कोण? २००८ साली विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या बोस्टनमधल्या गटानं कडी लावणारा हात धरला. त्याचं नाव बीसीएल-११-ए. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढायच्या, तांबड्या पेशींपुरतं या जनुकाला चालू ठेवणारं बटण कापायचं आणि पेशी परत सोडायच्या, म्हणजे मिटलेलं दार उघडतं. या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेनं मान्यता दिली. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर होती, त्या वेळच्या आपल्या रुपयांत अठरा कोटींच्या घरात. विज्ञान म्हणून मी टाळ्या वाजवतो. खानापूर तालुक्याच्या कामाचं ते आज नाही.

रक्ताच्या कर्करोगात बिघाड वेगळा. पांढऱ्या पेशी वाढतात पण मोठ्या होत नाहीत, अर्ध्या वाटेवर अडकतात आणि मगज भरून टाकतात. एका प्रकारच्या ल्युकेमियात दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटतात आणि परिपक्व व्हायची वाटच बंद करतात. शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात त्या रुग्णांना 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध दिलं, तेव्हा अडकलेल्या पेशी मरण्याआधी चक्क मोठ्या झाल्या. दुसरं औषध निघालं सोमल. होय, आपल्या वैद्यांचा सोमल, विषारी म्हणून पुड्या बांधून कुलपात ठेवायचे तो. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शुद्ध केलेला सोमल एकट्यानं देऊनही बरेच रुग्ण बरे होतात, असं २००६ साली प्रसिद्ध केलं. (घरी कुणी वैदू सोमल देत असेल तर त्याला वाटेला लावा. रुग्णालयात शिरेतून मोजून देतात ते वेगळं.)

पण सगळेच ल्युकेमिया असे समजूतदार नसतात. कित्येक रुग्णांना, थॅलेसेमियाच्या मुलांना, मगज वाळून गेलेल्या अप्लास्टिक ॲनिमियाच्या पोरांना मूळ उपाय एकच उरतो : बिघडलेल्या मूळपेशी औषधांनी काढून टाकायच्या आणि दुसऱ्याच्या चांगल्या पेशी शिरेतून सोडायच्या. त्या रक्तातून फिरत फिरत आपणहून हाडात जाऊन बसतात आणि दोन-तीन आठवड्यांत रक्त करायला लागतात. हे काम माणसात उभं केल्याबद्दल डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. त्यांच्याकडे शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं असं प्रत्यारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, पेशी देणारा तिचा भाऊ. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीवरून ते हे सगळं करत होते. २०१२ च्या डिसेंबरपर्यंत जगातल्या सगळ्या प्रकारच्या मूळपेशी प्रत्यारोपणांची संख्या दहा लाखांवर गेली.

त्या मुलीला भाऊ होता आणि तो जुळला. इथंच आपला प्रश्न सुरू होतो.

रक्तगट जुळला म्हणजे मूळपेशी जुळल्या असं होत नाही. त्यासाठी एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. सहाव्या गुणसूत्रावरची ही जनुकं अर्धी आईकडून येतात, अर्धी बापाकडून. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आता घरोघरी दोनच मुलं, कुठं एकच. म्हणजे बहुतेक रुग्णांना घरात जोडीदार नाही. आता निम्म्या जुळणीवर आई-बापाच्या पेशीही देतात, ते काम दिवसेंदिवस सुधारतंय. तरी पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर डॉक्टरांना मोकळीक मिळते, आणि तो परका असला तरी चालतो. मात्र हा परका कुठंही सापडत नाही. या खुणा पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत सोयरीक केलेल्या लोकांत साठत जातात, त्यामुळं तुमच्या मुलाचा जोडीदार जर्मनीत सापडण्यापेक्षा कारवार, डिचोली, चंदगड, निपाणी या टापूत सापडण्याची आशा जास्त.

याला आपल्याकडचाच एक जुना दाखला आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे कुठल्याच गटात बसेना. ए किंवा बी गटाचं जनुक अंगात असलं तरी ते व्यक्त व्हायला जो पाया लागतो, तोच या लोकांत तयार होत नाही, म्हणून तपासणीत ते ओ गटासारखे दिसतात आणि ओ गटाचं रक्त मात्र त्यांना चालत नाही. त्याला जगात बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. मुंबई-कोकणाच्या बाजूला तो जगाच्या मानानं जास्त आढळतो. त्या माणसाला रक्त लागलं की पॅरिसला फोन करून भागत नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणाला तरी गाडीत बसवावं लागतं. मूळपेशींचं त्याहून कठीण आहे.

आता आकडे बघा. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींवर दात्यांची नावं आहेत. त्यांतली कोटीच्या आसपास एकट्या जर्मनीत. एकशेचाळीस कोटींच्या भारतातल्या सगळ्या नोंदवह्या मिळून काही लाख. त्यांतही शहरं जास्त, घाटमाथा नाहीच्या बरोबर. आपल्या पोराला गरज लागली तर नोंदवहीत आपलं कुणी नसणार, कारण आपण कुणीच नाव घातलेलं नाही. एवढी साधी गोष्ट आहे, आणि मला तिचा राग येतो.

नाव कुठं घालायचं? चेन्नईची 'दात्री' ही नोंदवही २००९ पासून काम करते, बेंगळुरूत 'डीकेएमएस'ची भारतातली शाखा आहे. दोघी शिबिरं घेतात, घरी काडीही पाठवतात. तालुक्यातली युवक मंडळं, महिला मंडळं, शाळांची माजी विद्यार्थी मंडळं यांना विनंती : त्यांच्याशी बोला आणि पाऊस लागायच्या आत जांबोटीत नाहीतर कणकुंबीत एक दिवस ठरवा. शाळेचा व्हरांडा पुरतो.

नाव घातल्यावर बहुतेकांना कधीच बोलावणं येत नाही. आलं तर काय होतं ते नीट सांगतो, कारण इथं अफवा फार.

आधी रक्ताच्या तपासण्या होतात. मग सलग चार-पाच दिवस कातडीखाली एक इंजेक्शन, जी-सीएसएफ. आपल्या हाडांत मूळपेशींना धरून ठेवणारी एक रासायनिक खूण असते. या इंजेक्शनमुळं ती खूण करणाऱ्या जनुकाचं काम मंदावतं, पकड सैल होते आणि मूळपेशी रक्तात उतरतात. म्हणजे उपचार रुग्णावर असो की दात्यावर, गोष्ट शेवटी जनुकाच्या दारांवरच येते. त्या दिवसांत अंग दुखतं, कंबर ठणकते, डोकं दुखतं. पॅरासिटामॉलनं भागतं. पाचव्या दिवशी तीन-चार तास आरामात पडायचं, एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूळपेशी वेगळ्या होतात, बाकी रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. काही वेळा डॉक्टर भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज घेतात, तेव्हा दोन-चार दिवस कंबर अवघडते. दाता आणि रुग्ण यांना निदान वर्षभर एकमेकांची नावं कळवत नाहीत. पैसे मिळत नाहीत आणि तुमच्या खिशातलेही जात नाहीत.

"मणक्यातनं पाणी काढतात, पोरगं लुळं पडतंय." नाही. मणक्यातून पाणी काढणं ही निराळी तपासणी आहे, ती दात्यावर करत नाहीत. "पोरीचं लग्न व्हायचंय, पुढं मूलबाळ?" काही संबंध नाही. "अशक्तपणा येतोय म्हणे कायमचा." झोपलेल्या पेशींबद्दल वर लिहिलंय ते परत वाचा, त्या जाग्या होतात आणि काही आठवड्यांत भरपाई करतात.

तरुणांना जास्त आग्रह करतो त्याला कारण आहे. वय वाढतं तशा काही मूळपेशींत जनुकांचे छोटे बिघाड साठतात आणि त्यांचीच पिलावळ वाढत जाते. म्हणून डॉक्टर दाता निवडताना विशी-तिशीतला आधी बघतात. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या हातात पत्र लिहिण्यापलीकडं फार काही उरलेलं नाही.

आणि एक कडक शब्द. नाव घालणं सक्तीचं नाही, आधी मागं हटायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण प्रत्यारोपणाची तारीख ठरली की रुग्णाला तीव्र औषधं देऊन त्याचा स्वतःचा मगज संपवून टाकतात. त्यानंतर दाता फिरला तर त्या माणसाकडं स्वतःचं रक्त करायला काहीच उरलेलं नसतं. म्हणून आई, आजी, मामा, सगळ्यांशी सही करायच्या आधीच बोला. घरात भांडण व्हायचं असेल तर ते आत्ताच होऊ दे.

आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत अजून आहे. त्यावर भाषण देत नाही. पण लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांची थॅलेसेमियासाठी एक तपासणी करा : साधी रक्तगणना आणि एचबी-ए-टू. काहीशे रुपयांचं काम. ज्याचं एकच जनुक बिघडलेलं असतं त्याला मायनर म्हणतात, दोन्ही बिघडली की मेजर. मायनर असलेला माणूस आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही, त्याला नाकारायचंही कारण नाही. फक्त दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक मूल मेजर होण्याची शक्यता असते, आणि दिवस गेल्या गेल्या ते डॉक्टरांना सांगावं लागतं. ज्या घरात मूल आधीच आजारी आहे त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर त्या मुलाला सख्ख्या नातेवाइकांचं रक्त चढवू नका, पुढं त्यांच्याच पेशी नाकारल्या जाऊ शकतात. आणि कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून आहे, त्यात निवडलेल्या रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

निपाणीकरांना एक वेगळं सांगणं. तंबाखूवर तुमचं घर चालतं हे माहीत आहे, पण बिडीच्या धुरात बेंझिन असतं आणि बेंझिन थेट मगजावर बसतं. पिकवा, पण ओढू नका.

'स्टेम सेल'च्या नावानं दुकानंही उघडलीत. गुडघे, मधुमेह, लकवा, मुलाचं मंदत्व, सगळ्यावर एकच इंजेक्शन. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की मूळपेशींचा रूढ उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या आजारांतल्या प्रत्यारोपणालाच. असल्या दुकानांतल्या इंजेक्शनासाठी कुणी रान विकू नका. बाळंतपणाच्या वेळी नाळेचं रक्त हजारो रुपये भरून खासगी बँकेत ठेवायला सांगणाऱ्यांनाही नम्रपणे नाही म्हणा.

उन्हाळ्यात रक्तपेढ्यांत रक्ताचा तुटवडा पडतो, कॉलेजं बंद असतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी शिबिराच्या दिवशी बाटलीभर रक्तही द्यावं.

शेवटी एक चूक सांगतो, तिच्यात माझाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच सांगण्यावरून एका विद्यार्थ्यानं बेळगावच्या शिबिरात नाव घातलं. मी त्याला जनुकं सांगितली, मगज सांगितला. एक गोष्ट सांगायची राहिली. त्यानं गोव्यातल्या कंपनीचं सिम दिलं होतं. नोकरी सुटली, सिम गेलं. दीड वर्षानं कुठल्याशा कामासाठी जुना मेल उघडला तर त्यात तीन पत्रं होती : तुमच्या पेशी एका रुग्णाशी जुळतात, कृपया संपर्क करा. शेवटचं पत्र आठ महिन्यांपूर्वीचं. त्यानं लगेच फोन केला. पलीकडच्या बाईंनी त्याचे आभार मानले आणि आता गरज नाही असं सांगितलं. का ते सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसला आणि बराच वेळ बोललाच नाही.

तर नाव घाला. आणि फॉर्मवर दोन नंबर लिहा : एक तुमचा, दुसरा घरातल्या अशा माणसाचा जे गाव सोडून जात नाही, आई, वहिनी, कुणीही. सिम बदललंत तर नोंदवहीला त्याच दिवशी कळवा.